रंग पक्का, हिशेब पक्का : उन्हात छापलेला पारेओ

मैत्रिणींनो, गोव्याला किंवा कोकणात समुद्रावर फिरायला आलेल्या बाया पोहण्याच्या कपड्यांवर एक रंगीत कापड गुंडाळतात. कुणी कमरेला लुंगीसारखं, कुणी छातीशी गाठ मारून, कुणी मानेमागं बांधून. त्याला ना शिवण, ना बटण, ना नाडी. साधारण ४५ इंच रुंद आणि पावणेदोन-दोन मीटर लांब असं हे सपाट कापड असतं. त्याचं नाव पारेओ.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. मग हा विषय आपल्या अंकात कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण सोपं आहे. हे कापड हातानं छापायची एक पद्धत आहे. तिला यंत्र लागत नाही, भट्टी लागत नाही. लागतं ते कडक ऊन, अंगणातली पानं-फुलं आणि रांगोळीला सरावलेला हात. या तिन्ही गोष्टी आपल्या गटांकडं आहेत. पण एवढ्यावर धंदा होत नाही. तो दोनच गोष्टींवर टिकतो किंवा बुडतो: रंग पक्का झाला का, आणि आपल्या कष्टाची मजुरी किमतीत धरली का. म्हणून छपाईची रीत सांगताना या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहोत.

पारेओ आला कुठून?

ताहिती हे दक्षिण प्रशांत महासागरातलं एक बेट आहे. तिथं कापूस पिकत नव्हता, मागही नव्हते. तिथल्या बाया झाडाची साल भिजवून, लाकडी दांड्यानं कुटून-कुटून तिचंच कापड करायच्या. त्याला तापा म्हणतात. या तापावर नक्षी कशी काढायच्या? नेच्याची पानं आणि फुलं लाल रंगात बुडवून कापडावर दाबायच्या. म्हणजे पानाचा ठसा कापडावर घेणं ही तिथल्या बायकांची फार जुनी कला आहे.

१७६९ साली कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला आलं. पुढच्या शंभर वर्षांत युरोपातलं सुती कापड तिथं पोचलं आणि सालीचं कापड मागं पडलं. पण आवड मागं पडली नाही. गडद लाल, निळ्या, पिवळ्या कापडावर मोठी-मोठी पांढरी फुलं, हीच पारेओची ओळख झाली. पॉल गोगँ नावाचा फ्रेंच चित्रकार १८९१ साली ताहितीत गेला. त्याच्या चित्रांतल्या बायांनी असेच पारेओ नेसलेले दिसतात. त्या चित्रांमुळं ही नक्षी जगभर माहीत झाली.

आज किनाऱ्यावर विकले जाणारे बहुतेक पारेओ यंत्रावर छापलेले असतात. पण ताहिती आणि आसपासच्या बेटांवर हातानं रंगवून उन्हात छापलेले पारेओही मिळतात. आपल्याला शिकायची आहे ती ही दुसरी रीत.

नक्षीचं व्याकरण

ताहिती नक्षी बघायला सोपी वाटते, पण तिचे काही नियम आहेत.

पहिला नियम, आकार मोठा. आपल्या साडीवरची बारीक बुट्टी इथं चालत नाही. फूल हाताच्या पंजाएवढं, पान वीतभर. लांबून ओळखू आलं पाहिजे.

दुसरा नियम, रंग थोडे. एक गडद रंग आणि त्यात उठून दिसणारं फिकट फूल, एवढं पुरे. फार तर दोन रंग एकमेकांत मिसळू द्या, जसं निळ्यातून हिरवा किंवा पिवळ्यातून केशरी. चार-पाच रंग घातले की ते होळीचं कापड दिसतं.

तिसरा नियम, नक्षी बांधल्यावर कशी दिसेल त्याचा विचार. पारेओ अंगाभोवती दीड-दोन वेळा फिरतो. मधला भाग घडीत जातो. समोर दिसतात ते खालचे दोन कोपरे आणि एक कड. म्हणून सगळ्यात मोठं फूल कोपऱ्यात ठेवा, कडेनं पानांची ओळ चालवा आणि मधे थोडी मोकळी जागा सोडा.

आता पानं-फुलं कुठली घ्यायची? ताहितीची खास ओळख असलेलं तियारे नावाचं पांढरं सुवासिक फूल आपल्या अनंताच्या भावकीतलंच आहे. जास्वंद आणि चाफा तिथल्या नक्षीत सतत येतात, आणि आपल्याकडं ते दारोदारी आहेत. नीरफणसाचं खोल कातरलेलं पान तिथं फार लोकप्रिय. नीरफणस आपल्याकडं नाही, पण पपईचं किंवा एरंडाचं पान तोच डौल देतं. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातल्या बहिणींना पावसाळ्यानंतर नेचा मिळतो. तो सुकवून, वहीत दाबून ठेवला तर पुढं कामाला येतो.

एक पथ्य पाळा. ताहितीच्या देवांच्या मूर्ती आणि अंगावर गोंदायची चिन्हं हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. आपण ती छापू नयेत. कुण्या कंपनीची नक्षीही जशीच्या तशी उचलू नये. चिठ्ठीवर ‘ताहिती कापड’ असंही लिहू नये. ‘ताहिती पद्धतीची ऊन-छपाई, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महिला गटानं केलेली’ असं खरं लिहावं. खरं लिहिल्यानं माल कमी विकला जात नाही, उलट गिऱ्हाईक थांबून विचारतं.

ऊन छापतं म्हणजे काय करतं?

पुष्कळ जणींना वाटतं, उन्हानं रंग उडतो आणि पानाखाली तो टिकतो. इथं उलटं होतं. पानाखालची जागा फिकट राहते आणि बाकीची गडद होते. आणि हे काम उजेडाचं नाही, वाळण्याचं आहे.

ओट्यावर चहाचा थेंब सांडून वाळला की त्याची कड गडद दिसते आणि मधला भाग फिकट, हे तुम्ही पाहिलंय. पाणी जिथून आधी उडून जातं तिकडं बाकीचं पाणी ओढलं जातं आणि रंगाला सोबत घेऊन जातं. कापडावर तेच घडतं. उघडी जागा उन्हानं लवकर वाळते. पानाखालची जागा ओली राहते. मग पानाखालचं पाणी रंग घेऊन बाहेरच्या वाळत्या जागेकडं सरकतं. शेवटी पानाखाली रंग उरतो थोडाच आणि पानाचा आकार उमटतो.

एवढं समजलं की चुका आपोआप टळतात. पान कापडाला चिकटून बसलं नाही तर त्याच्याखालीही हवा लागते आणि ठसा पुसट येतो. पान ठेवायला उशीर झाला आणि कापड आधीच वाळलं, तरी ठसा येत नाही. ढगाळ हवेत सगळंच हळूहळू सारखं वाळतं, तेव्हाही येत नाही.

करायची रीत

कापड. शुद्ध सुती घ्या, कॅम्ब्रिक किंवा जरा दाट मलमल. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर असं कापड निघतं आणि घाऊक बाजारात ताग्यानं मिळतं. दुकानदार सुती म्हणाला तरी एक दोरा काढून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरडते. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. असं कापड या कामाला नको.

खळ काढणं. गिरणीच्या कापडाला खळ असते. ती राहिली तर रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात जातो. कापड रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून धुवा, मग स्वच्छ पाण्यातून काढा. वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर कापड तयार. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर परत धुवा. धुतल्यानं कापड आटतं. म्हणून माप घेऊन कापणं नेहमी धुतल्यानंतर.

रंग. कापडासाठीचे तयार पारदर्शक रंग घ्या किंवा पिगमेंट आणि बाईंडर वेगळे घ्या. बाईंडर हा रंगाला धाग्याशी धरून ठेवणारा डिंक समजा. पैसे वाचवायला बाईंडर कमी केला तर रंग धुपणारच. तयार रंग असेल तर एक वाटी रंगाला दोन वाट्या पाणी, इथून सुरुवात करून रुमालाएवढ्या तुकड्यावर आधी बघा. चमकीचे आणि घट्ट झाकणारे रंग इथं चालत नाहीत. सुटी, नाव नसलेली पावडर घेऊ नका. आपल्या देशात काही घातक अ‍ॅझो रंगांवर १९९७ पासून बंदी आहे. म्हणून कंपनीचं सीलबंद पाकीट आणि पक्की पावती घ्या.

फळी. आठ बाय चार फुटांचा प्लाय, त्यावर प्लास्टिक ताणून. एका फळीवर एक पारेओ नीट मावतो. फळी सपाट जागी ठेवा, उतार असला की रंग एका बाजूला जमतो. वारा अडवायला एका अंगाला जुनी साडी बांधा. स्लॅबची गच्ची आणि तिला कठडा असेल तर उत्तम.

रंगवणं. कापड ओलं करून, पिळून, फळीवर सुरकुती न ठेवता पसरा. दोघी जणी लागा, दोन टोकांनी. रुंद ब्रशनं किंवा स्पंजनं भराभर रंग लावा. कुठं कोरडं राहू देऊ नका.

मांडणी. लगेच पानं-फुलं ठेवा आणि बोटानं दाबून चिकटवा. जाड देठ आधीच कापून टाका, नाहीतर पान उचललं जातं. पपई, चाफा यांच्या पानांना चीक असतो, तो कापडावर डाग पाडतो. अशी पानं आदल्या दिवशी तोडून, चीक गळू देऊन, पुसून घ्या. उन्हानं पानाच्या कडा वळायला लागल्या तर छोटे खडे ठेवा. मोकळ्या जागेत थोडं खडेमीठ भुरभुरलं तर मीठ पाणी ओढतं आणि तिथं चांदण्यांसारखी नक्षी येते.

दहा-वीस नग एकसारखे हवे असतील तर खऱ्या पानांवर विसंबू नका. जुन्या एक्स-रे फिल्मचे किंवा जाड प्लास्टिकचे आकार कापून ठेवा. कागदाची चौघडी घालून आपण पताका कातरतो ना, तसा आधी कागद कातरा आणि तो फिल्मवर ठेवून गिरवा. ताहितीच्या बाया तिफेफे नावाच्या पांघरुणांसाठी अशाच घड्या घालून मोठी फुलं कातरतात आणि दुसऱ्या कापडावर शिवतात. आपली गोधडी आणि त्यांचं तिफेफे शेजारी-शेजारी ठेवावं असं आहे.

वाळवणं. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. ‘कसं आलंय बघू’ म्हणून पान उचललं की ठसा गेलाच. पूर्ण वाळल्यावरच पानं काढा, मीठ झटका.

पक्कं करणं. छापलेलं कापड एक दिवस तसंच ठेवा. मग उलट्या बाजूनं, सुती कापडाच्या खुणेवर तापवलेली इस्त्री फिरवा. इस्त्रीतलं पाणी बंद ठेवा, वाफ नको. एका जागी दोन-तीन मिनिटं उष्णता पोचली पाहिजे, पण इस्त्री हलती ठेवा म्हणजे कापड पिवळं पडणार नाही. एका पारेओला अर्धा तास जातो. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. पण बाईंडर उष्णतेनंच पक्का होतो. इस्त्री अर्धवट म्हणजे रंग अर्धवट. त्यानंतर तीन दिवस कापड भिजवू नका.

शेवटी चारी बाजूंनी बारीक दुमड घालून शिलाई.

रंग पक्का आहे का? पाच परीक्षा

साडीचा रंग थोडा गेला तर बाई ती वेगळी धुते. पारेओचं तसं नाही. तो ओल्या अंगावर, पांढऱ्या कपड्यावर, खाऱ्या पाण्यात नेसला जातो. एकीच्या कपड्याला डाग पडला तर दुकानदार पूर्ण माल परत करतो. परत आलेल्या मालावर बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातला एक तुकडा बाजूला ठेवा आणि माल देण्याआधी या परीक्षा घ्या.

१. मिठाचं पाणी. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला. समुद्राचं पाणी साधारण एवढंच खारट असतं. छापलेला तुकडा पांढऱ्या सुती तुकड्यात गुंडाळून, दोरीनं बांधून त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पांढरा तुकडा पांढराच पाहिजे.

२. घासणं. ओलं पांढरं फडकं बोटाला गुंडाळून छपाईवर वीस वेळा दाबून घासा. फडक्यावर रंग येता कामा नये.

३. साबण. तुकडा पाच वेळा धुवा, प्रत्येक वेळी वाळवा. मग न धुतलेल्या तुकड्याशेजारी ठेवून बघा.

४. ऊन. तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाका आणि आठ दिवस उन्हात ठेवा. पुठ्ठा काढल्यावर मधे रेघ दिसली तर रंग उन्हाला टिकणारा नाही. किनाऱ्यावर ऊनच ऊन असतं.

५. तेल आणि टीसीएल. किनाऱ्यावरच्या बाया अंगाला तेल, मलम लावतात, आणि पोहण्याच्या तलावात क्लोरीन असतं. एका तुकड्यावर खोबरेल चोळून साबणानं धुवा. दुसरा तुकडा, आडात टाकतो ती टीसीएल पावडर बादलीभर पाण्यात चिमूटभर घालून, त्यात तासभर ठेवा.

एकाही परीक्षेत नापास झालं तर माल थांबवा. परत इस्त्री करून परत परीक्षा घ्या. तरी नाही जमलं तर तो घाणा पारेओ म्हणून विकू नका.

यासाठी गटात एक रंगाची वही ठेवा. प्रत्येक घाण्याची तारीख, कापड कुठलं, रंग-बाईंडर-पाणी यांचं माप, इस्त्री किती वेळ केली, परीक्षेत काय झालं, हे लिहा आणि शेजारी कापडाची चिंधी चिकटवा. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक ‘तसाच निळा द्या’ म्हणालं तर ही वहीच उत्तर देईल.

हिशेब : आपले कष्ट फुकट नाहीत

आता दहा पारेओंच्या घाण्याचा हिशेब मांडू. यातले भाव रीत समजावी म्हणून धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारचे आकडे घाला.

कापड २० मीटर, ७० रुपये दरानं: १,४०० रुपये.
रंग आणि बाईंडर: ४०० रुपये.
सोडा, साबण, वीज: १०० रुपये.
दोरा, चिठ्ठी, पिशवी: २०० रुपये.
सामानाचा एकूण खर्च: २,१०० रुपये.

बरेच गट इथंच थांबतात. २,१०० भागिले १० म्हणजे नगाला २१० रुपये. मग तीनशेला विकलं की नव्वद रुपये सुटले म्हणून आनंद. पण थांबा, अजून हिशेब बाकी आहे.

मजुरी बघा. धुणं २ तास, रंगवणं आणि मांडणी दोघींचे मिळून ८ तास, इस्त्री ५ तास, शिलाई ५ तास, परीक्षा आणि घड्या घालणं २ तास. एकूण २२ तास. आठ तासांचे ४०० रुपये धरले तर तासाला ५० आणि एकूण मजुरी १,१०० रुपये.

जाण्या-येण्याचं भाडं आणि कर्जाचं व्याज या घाण्याच्या वाट्याला ४०० रुपये धरू. सगळं मिळून ३,६०० रुपये झाले.

आता दहापैकी एक नग बिघडतोच, असं धरून चाला. विकायला उरले नऊ. ३,६०० भागिले ९ म्हणजे नगाला ४०० रुपये. ही आपली खरी किंमत. त्यावर गटाचा नफा वीस टक्के धरला तर ४८० रुपये.

आणि तीनशेला विकलं असतं तर? नऊ नगांचे २,७०० रुपये आले. त्यातून सामान आणि भाडं-व्याज मिळून २,५०० गेले. उरले २०० रुपये, तेही २२ तासांच्या कामाचे. म्हणजे तासाला नऊ रुपये. एवढ्यात कुणी खुरपायलाही जाणार नाही. घरच्या अंगणात, गप्पा मारत केलं म्हणून ते काम कमी होत नाही. आपणच आपली मजुरी धरली नाही तर व्यापारी का धरेल?

किनाऱ्यावर यंत्रावर छापलेला स्वस्त माल मिळतो. त्याच्याशी भावात भांडू नका, आपण हरू. आपला माल वेगळा आहे हे दिसलं पाहिजे. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स हे किनाऱ्याला शोभणाऱ्या सैल, हलक्या कपड्यांसाठी नावाजलेले होते. मागं पडलेली गोव्याची हातमागाची कुणबी साडी त्यांनी पुन्हा लोकांसमोर आणली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हातानं केलेल्या आणि गावाची ओळख सांगणाऱ्या कापडाला मोल देणारं गिऱ्हाईक गोव्यात आहे, हे त्यांच्या कामातून दिसलं. आपल्याला जायचंय ते त्या गिऱ्हाइकाकडं.

कधी छापायचं, कुठं विकायचं

गोव्याचा हंगाम साधारण ऑक्टोबरला सुरू होतो. कोकणात अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली इथं दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी असते. आपली छपाई मात्र पावसाळ्यात बंद. म्हणून छपाई फेब्रुवारी ते मे, इस्त्री-शिलाई जून ते ऑगस्ट आणि माल सप्टेंबरमध्ये तयार, असं वेळापत्रक धरा. मे महिन्यात दुपारी रंग लावता-लावता वाळतो आणि वाऱ्यानं धूळ बसते. तेव्हा सकाळी आठ ते दहा हीच वेळ.

पहिल्याच वर्षी गोव्याला धावू नका. आधी दहा-दहा नग करून आपल्याच प्रदर्शनात ठेवा. जिल्हा परिषदेचं साईज्योती, मुंबईचं महालक्ष्मी सरस, तिथं शहरातली गिऱ्हाइकं काय हातात घेतात आणि काय परत ठेवतात ते बघा. मग नमुने घेऊन दुकानदारांकडं जा. वास्कोची गोवा एक्स्प्रेस आपल्या अहिल्यानगर स्थानकावरूनच जाते.

दुकानदाराशी बोलणं दोघींनी करावं आणि ते कागदावर यावं. निम्मी रक्कम आधी, निम्मी माल पोचल्यावर. ‘विकलं की पैसे देतो’ या बोलीवर पहिल्या खेपेला पाचपेक्षा जास्त नग ठेवू नका. उधारीत अडकलेला माल हा गटातल्या दहा जणींच्या बचतीचा पैसा असतो.

बिघडलेला नग टाकू नका. ठसा नीट आला नसेल पण रंग पक्का असेल, तर चांगल्या भागाचे स्कार्फ, रुमाल, पिशव्या निघतात. रंगच पक्का नसेल तर त्याचं घरातलं पायपुसणं करा, पण विकू नका.

पाणी आणि तब्येत

आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांना पाण्याची किंमत सांगायला नको. या छपाईला पाणी कमी लागतं, जास्त जातं ते खळ काढायला. त्या धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी साठवून पुढच्या कापडाला भिजवण्यासाठी वापरा. रंगाचे ब्रश आणि भांडी धुतलेलं पाणी आडाजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ सोडू नका. एका टाकीत साठवून गाळ बसू द्या. सुकलेला गाळ ओल्या कचऱ्यात, उकिरड्यावर टाकू नका, वेगळा ठेवा.

हातात मोजे घाला. स्वयंपाकाची भांडी रंगाला वापरू नका, रंगाची भांडी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. लेकरांना फळीपासून दूर ठेवा. आणि उन्हात काम करताना डोक्याला रुमाल, जवळ पाण्याचा तांब्या.

पुढच्या बैठकीत

हे वाचून लगेच मोठं कर्ज काढू नका. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. एक, कोण कोण हे काम करणार. चौघी-पाचजणी पुरे. दोन, अंतर्गत कर्जातून फक्त एका घाण्यापुरते पैसे. तीन, तासांची नोंद कोण ठेवणार. शिकवणारी बाई हवी असेल तर सीआरपी ताईंमार्फत ग्रामसंघात मागणी करा आणि जिल्ह्याच्या आरसेटी केंद्रात विचारा.

पहिला घाणा झाला की रंगाची वही आणि हिशेबाची वही शेजारी-शेजारी उघडून बसा. पाचही परीक्षा पास आणि मजुरी धरूनही नफा, असं असेल तर दुसरा घाणा करा. एक जरी वही ‘नाही’ म्हणाली तर आधी ती दुरुस्त करा, मग पुढं जा. ऊन पुढच्या वर्षीही पडणारच आहे.